सहा दिशांचा गृहस्थधर्म : बौद्ध नीतीतील कुशल जीवनाची कल्पना

बौद्ध नीतीचा विचार करताना चीवरधारी भिक्षूचे चित्र आधी डोळ्यांपुढे येते, कारण पाली वाङ्मयाचा फार मोठा भाग भिक्षुसंघाला उद्देशून आहे आणि थेरवाद परंपरेच्या विनयपिटकात भिक्षूंसाठी २२७ व भिक्षुणींसाठी ३११ नियम अत्यंत बारकाईने सांगितलेले आहेत. मात्र ज्यांना घर चालवायचे आहे, मुले वाढवायची आहेत, व्यापार-शेती करायची आहे, अशा माणसांनी कसे जगावे याविषयीही बुद्धांनी सविस्तर उपदेश केला होता. या उपदेशाचा सर्वांत परिपूर्ण नमुना दीघनिकायातील ‘सिगालोवाद सुत्त’ हा असून, पाचव्या शतकातील अर्थकथाकार बुद्धघोष त्याला ‘गिहिविनय’ म्हणजे गृहस्थांचा विनय असे म्हणतात.

या नीतीचा पाया ‘कुशल’ आणि ‘अकुशल’ या भेदावर उभा आहे. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे मानलेली असून, त्यांच्या उलट असलेले अलोभ, अद्वेष आणि अमोह, म्हणजेच उदारपणा, मैत्री आणि समज, यांतून जे कर्म घडते ते कुशल होय. कर्म म्हणजे मुळात चेतना, अर्थात हेतुपूर्वक केलेला संकल्प, असे अंगुत्तरनिकायात स्पष्ट सांगितलेले असल्यामुळे कृतीचे मोल तिच्या बाह्य रूपावरून ठरत नाही. ती कोणत्या मुळातून उगवली हे पाहावे लागते. हे पाहायचे कसे, याचे उत्तर मज्झिमनिकायात बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला केलेल्या उपदेशात मिळते : शरीराने, वाणीने वा मनाने काही करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतरही त्यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, हे तपासावे. असत्याविषयीचा राहुलोपदेश सम्राट अशोकाने आपल्या बैराट येथील शिलालेखात आवर्जून निवडलेल्या सात धर्मपाठांपैकी एक आहे, आणि हे पाठ भिक्षु-भिक्षुणींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत, अशी इच्छा त्याने तेथे नोंदवली आहे.

सिगालोवाद सुत्ताचा प्रसंग राजगृहाचा आहे. बुद्ध वेळुवनात राहत असताना सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पहाटे उठून, ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी नगराबाहेर येऊन पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खालची आणि वरची अशा सहा दिशांना हात जोडत होता. मरतेवेळी वडिलांनी तसे सांगितले होते, एवढेच कारण त्याला ठाऊक होते. बुद्धांनी त्याची पितृभक्ती मोडली नाही आणि दिशापूजन सोडून दे असेही म्हटले नाही. आर्यांच्या विनयात सहा दिशांची पूजा वेगळ्या रीतीने होते, एवढे सांगून त्यांनी त्या विधीत नवा आशय भरला. परंपरेला तोडण्याऐवजी तिचा अर्थ पालटण्याची ही पद्धत पाली सुत्तांत अनेक ठिकाणी आढळते, पण इतक्या हळुवारपणे ती क्वचितच वापरली गेली असेल.

दिशांकडे वळण्यापूर्वी सुत्तात काही वर्ज्य गोष्टी येतात. हिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य ही चार मलिन कर्मे; आवड, द्वेष, अज्ञान आणि भय ही माणसाला अन्यायाकडे नेणारी चार कारणे; तसेच मद्यपान, अवेळी भटकणे, तमाशे-उत्सवांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस ही संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे. भयालाही अन्यायाचे कारण मानणे ही सूक्ष्म जाण म्हणावी लागेल, कारण भित्रेपणाला दुर्बळता म्हणून सहज क्षमा केली जाते, पण त्यापायी खोटी साक्ष देणारा माणूस दुसऱ्याचे जीवनच उद्ध्वस्त करत असतो.

यानंतर सहा दिशांची मांडणी येते : आई-वडील पूर्व, आचार्य दक्षिण, पत्नी व मुले पश्चिम, मित्र उत्तर, सेवक व कामकरी खालची आणि श्रमण-ब्राह्मण वरची दिशा. प्रत्येक दिशेची पाच प्रकारे सेवा करावी आणि त्या दिशेनेही उलट कर्तव्य करून अनुकंपा दाखवावी, अशी रचना असून केवळ श्रमण-ब्राह्मणांवर पाचाऐवजी सहा कर्तव्ये सोपवलेली आहेत, म्हणजे ज्यांना सर्वांत वर मानले त्यांच्याकडून अपेक्षाही एकाने अधिक आहे. या रचनेत लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, प्रत्येक ठिकाणी आरंभ गृहस्थाच्या स्वतःच्या कर्तव्यापासून होतो आणि दुसऱ्याने काय करावे हे त्यानंतर येते. पुत्र जसा आई-वडिलांची सेवा करतो, त्याच शब्दांत धन्याने सेवकांची सेवा करावी असे येथे म्हटले आहे. धन्याने त्यांच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरी काही विशेष गोडधोड झाले तर त्यांनाही वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी; दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथातील ही पाच कलमे आजच्या अनेक घरांना आणि कारखान्यांनाही पुरी करता आलेली नाहीत. पतीविषयीही हाच क्रम आहे : त्याने पत्नीचा सन्मान करावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. पत्नीचे कार्यक्षेत्र येथे घराच्या सीमेतच राहते ही त्या काळाची मर्यादा मान्य करावी लागते, परंतु निष्ठेची अपेक्षा दोघांकडून सारखीच केलेली आहे, हे विसरता येत नाही.

संपत्तीकडे बौद्ध नीती संशयाने पाहते, हा समज या सुत्ताने पुरता दूर होतो. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवावा, असे येथे सांगितले आहे. अंगुत्तरनिकायात दीघजाणु नावाचा कोलिय गृहस्थ, आपण मुलाबाळांच्या संसारात राहणारे, काशीचे चंदन लावणारे, सोने-चांदी बाळगणारे लोक आहोत, असे मोकळेपणाने सांगून आपल्याला झेपेल असा धर्म विचारतो. त्याला बुद्धांनी उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि ‘समजीविता’ म्हणजे आय-व्ययाचा मेळ राखून जगणे, या चार गोष्टी ऐहिक हितासाठी सांगितल्या. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे भान असावे, असा तेथील दृष्टान्त आहे. पारलौकिक हितासाठी श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांचा उपदेश त्याच्यामागोमाग येतो, पण संसाराचा प्रश्न टाळून नव्हे.

कमाईचा मार्ग मात्र शुद्ध हवा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात आहे. त्याच निकायात अनाथपिंडिक या श्रावस्तीच्या श्रेष्ठीला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : संपत्ती असण्याचे, तिचा उपभोग घेण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यांतील पहिल्या तिन्ही सुखांना चौथ्याच्या सोळाव्या अंशाचीही सर येत नाही, असा तेथील निर्वाळा आहे.

गृहस्थांचे धन धर्मकार्यात कसे उतरले, याचे पुरावे महाराष्ट्राच्या लेण्यांत कोरलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसेच धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि सुतारही आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापणांचा अक्षयनिधी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने; मुद्दल परत मागायचे नाही आणि व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागवायच्या. उषवदात हा सामान्य गृहस्थ नव्हता, परंतु ही व्यवस्था ज्यांच्या विश्वासावर उभी होती ते विणकर होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या व्याज पोहोचते करण्याची हमी देणाऱ्या श्रेणीची पत हीसुद्धा नीतीचीच एक कमाई मानली पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग आणि दहा पारमितांबरोबर चोरी न करणे, खोटे न बोलणे, व्यभिचार न करणे, दारू न पिणे, ही गृहस्थाची शीले आहेत. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी उपासकांच्या विनयासाठी स्वतंत्र विभाग योजून पुत्र, शिष्य, पती-पत्नी आणि धनी-सेवक यांची कर्तव्ये वेगवेगळ्या मथळ्यांखाली मांडली. या निवडीमागचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या समाजाला जन्माने खालच्या जागी बसवले गेले होते, त्याला सिगालोवाद सुत्तातील खालची दिशा अगदी वेगळी दिसणार होती : तेथे सेवकपण हे जातीचे नसून कामाचे आहे, त्या कामाला वेतन आणि विश्रांतीचा हक्क जोडलेला आहे, आणि हात जोडण्याचा आरंभ धन्याने करायचा आहे.