ख्रिसमस संपला, आता झाडाचं काय?

अमेरिकेत जानेवारी लागला की खरी ख्रिसमसची झाडं घराबाहेर फुटपाथवर येतात. बऱ्याच शहरांत मशीनमध्ये घालून त्यांचा चुरा करतात आणि बागेत झाडांच्या बुंध्याशी पसरतात. न्यू ऑर्लिन्सची आयडिया मात्र मला जास्त भारी वाटली. वादळात शहराकडे येणाऱ्या पाण्याचा जोर तिथली दलदल कमी करते, आणि तीच झिजत चालली आहे. म्हणून नॅशनल गार्डची हेलिकॉप्टर्स गोळा केलेल्या झाडांचे गठ्ठे बायू सोवाजच्या दलदलीत नेऊन टाकतात. फांद्यांमध्ये लाटा मोडतात, पाणी संथ होतं, गाळ खाली बसतो आणि त्यात गवत रुजतं. साधं फिल्टरच म्हणा ना! तुम्ही तिकडे राहत असाल तर झाड बाहेर ठेवण्याआधी लाइट्स, चमकी, स्टँड सगळं काढा. कृत्रिम बर्फ फवारलेलं झाड चालत नाही.