टंकलेखन प्रशिक्षणसंस्था
टंकलेखन व लघुलेखन ही कौशल्ये नोकरीच्या दृष्टीने शिकविणारी लहान खाजगी संस्था. आयझॅक पिटमन यांची लघुलेखनपद्धती (१८३७) व रेमिंग्टन टंकलेखनयंत्र (१८७४) यांच्या प्रसारामुळे अशा प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली. कळफलकाकडे न पाहता ठराविक बोटांनी टंकन करण्याचा नित्य सराव, हा या शिक्षणाचा गाभा होय. महाराष्ट्रात प्रशिक्षण संस्था देते. परीक्षा मात्र महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. त्यामुळे लहान गावातील संस्थेच्या विद्यार्थ्यालाही शासकीय नोकरीस ग्राह्य असे प्रमाणपत्र मिळू शकते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटास किमान ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांची गती आवश्यक मानतात. एकविसाव्या शतकात टंकलेखनयंत्राची जागा संगणकाने घेतली. गतीची अट मात्र टिकून राहिली.