धुराडे आणि चिकूची वाडी

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत, पीण्या नावाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० नंतरच्या दशकात ते वसू लागले तेव्हा त्याच्या भोवती खेडी होती, शेते होती. आज भोवती शहर आहे. कारखाना आणि शेत यांनी शेजारी कसे नांदावे, हा प्रश्न तेथे सुटला नाही. शेतच उरले नाही म्हणून तो मिटला. महाराष्ट्रात डहाणूला तो असा मिटण्याजोगा नव्हता.

डहाणू-घोलवडची किनारपट्टी म्हणजे चिकूच्या वाड्यांचा मुलूख. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. आणि याच तालुक्यात, खाडीच्या काठी, मुंबईच्या उपनगरांसाठी ५०० मेगावॉटचे कोळशावरील विद्युत्केंद्र उभे राहून १९९५ साली चालू झाले.

कोळसा जळला की दोन उपद्रव संभवतात. पहिला राखेचा. ती पानावर बसली की उजेड अडतो आणि पानाची सूक्ष्म रंध्रे बुजतात. तिचा बंदोबस्त तुलनेने सोपा आहे : धूर विजेच्या तीव्र दाबाखालील तारांमधून नेला की राखेचे कण विद्युद्भारित होऊन शेजारच्या पत्र्यांना चिकटतात व झटकून गोळा करता येतात. दुसरा उपद्रव डोळ्यांना दिसत नाही. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो; तो रंध्रांवाटे पानात शिरतो, आतल्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो आणि पान शिरांच्या मधोमध करपू लागते. चिकूची अडचण अशी, की हे झाड सदापर्णी. त्यावर फूल आणि फळ जवळजवळ वर्षभर एकत्र नांदतात. एखाद्या हंगामी पिकाला धूर चुकवण्यास काही महिने तरी मिळतात. चिकूला तेही नाहीत.

यावर धुराडे उंच बांधावे, हा उपाय पुष्कळांना पुरेसा वाटतो. डहाणूचे धुराडे २७५ मीटर उंच आहे. परंतु उंची वायू नष्ट करीत नाही. ती त्याला लांब नेऊन विरळ करते. आणि दिवसा समुद्रावरून येणारा वारा तर जमिनीकडेच वाहतो.

खरा उपाय वायू धुऊन काढण्याचा. डहाणूस त्यासाठी समुद्राचेच पाणी कामी आले. यंत्रे थंड करण्यासाठी ते मुळात येतच होते. हे पाणी किंचित अल्कधर्मी असते. उंच मनोऱ्यात खालून धूर सोडतात, वरून पाण्याचा वर्षाव करतात. पाणी वायूला शोषून घेते. मग त्यात हवा खेळवली की शोषलेल्या वायूचे सल्फेट बनते, आणि सल्फेट तर समुद्रात आधीपासूनच विपुल आहे. मात्र पाण्याची आम्लता घालवल्यावाचून ते परत सोडता कामा नये, एरवी वाडी वाचायची आणि खाडीतली मासळी जायची!

ही सोय मूळ परवानगीतच अट म्हणून होती. अट कागदावर असणे आणि मनोरा जमिनीवर उभा राहणे यांतील अंतर प्रशासनात वावरणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती सुरू झाली २००७ मध्ये. मधल्या काळात मुदती गेल्या, न्यायालये झाली आणि कोट्यवधी रुपयांची बँक हमी मागावी लागली. माझ्या मते या कथेत रसायनशास्त्राइतकेच महत्त्व त्या हमीला आहे. तक्रार ऐकणारे आणि विलंबाची किंमत मागू शकणारे कार्यालय तालुक्यासाठी म्हणून होते. बागायतदाराला त्यासाठी दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत.

चिकूचे उत्पन्न घटल्याची गाऱ्हाणी तेथे अजूनही ऐकू येतात. बी पोखरणारी अळी आहे, पावसाचा लहरीपणा आहे. प्रत्येक दोष धुराड्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

देशातील इतर केंद्रांसाठी २०१५ साली गंधकवायूच्या मर्यादा ठरल्या व मुदती वारंवार वाढल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुसंख्य केंद्रांना धुलाईयंत्राच्या सक्तीतून वगळले. सक्ती ठेवली ती मुख्यत्वे राजधानी परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांवर; वगळलेल्यांनी धुराड्याच्या उंचीचा निकष पाळावयाचा आहे. या मोजणीत शहरातील माणसे येतात. दहा किलोमीटरच्या आत किती वाड्या आहेत, हा रकाना तीत नाही.