सांडव्यावरची सहल

मृगाचा पाऊस चांगला बसला आणि कर्जतच्या डोंगरांवरून पांढऱ्या धारा उतरूं लागल्या, कीं मुंबई-पुण्याकडील घरोघरीं एक बेत हटकून निघतो. सकाळच्या गाडीनें कर्जतला उतरावें, एखाद्या लहानशा धरणावर जावें, सांडव्याखालीं मुलांना मनसोक्त भिजूं द्यावें आणि बरोबर नेलेल्या दशम्या-चटणीवर ताव मारून सायंकाळीं परत यावें. बेत ऐकून आजी विचारते, "तें धरण सुरक्षित आहे ना रे?" तरुण मंडळी तत्काळ उत्तर देतात, "आजी, सरकारचे अभियंते तें तपासतात. धरण अगदीं मजबूत आहे." आजीचा प्रश्न योग्य असतो आणि नातवांचें उत्तरही बहुधा खोटें नसतें. मात्र तें त्या प्रश्नाचें उत्तर नव्हे, एवढेंच ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशीं वसलेले आहेत. शेजारच्या माथेरानच्या माथ्यावर वर्षाकाठीं सुमारें २०० इंच पाऊस पडतो. डोंगरांवरून धांवत सुटणारें हें पाणी अडविण्यासाठीं येथें ठिकठिकाणीं धरणें बांधलीं गेलीं. नवी मुंबईची तहान भागविणारें मोरबे धरण खालापुरांत आहे. पाली-भूतिवली आणि सोलनपाडा हीं लहान धरणें कर्जतांत आहेत. पाणी सांठविण्यासाठीं तीं बांधलीं. सहल हा त्यांचा उपयोग लोकांनीं मागाहून शोधून काढला.

ता. २१ जून २०२४ रोजीं मुंबईच्या एका महाविद्यालयांतील ३७ विद्यार्थ्यांचा मेळा सोंडाईचा किल्ला पाहावयास आला होता. परततांना मंडळी खालापूर तालुक्यांतील वावर्ले गांवाजवळच्या एका लहान धरणाच्या पाण्यांत उतरली, आणि त्यांतील चौघे तरुण बुडून मरण पावले. त्या दिवशीं धरण फुटलें नव्हतें. धरण धरणाच्या जागीं उभें होतें. घरीं परतलीं नाहींत तीं माणसें.

तेव्हां धरणाची प्रतवारी नेमकें काय सांगते, हें आधीं पाहूं. महाराष्ट्रांत धरणांच्या सुरक्षिततेचें काम पाहणारी सरकारी संघटना नाशिक येथें आहे. पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि पावसाळा सरल्यावर एकदां अभियंते धरणाची पाहणी करितात. भिंतीस चीर गेली आहे काय, मातीच्या बांधावर झाडें रुजलीं आहेत काय, दरवाजे नीट उघडतात काय, पाझर किती आणि कसा आहे, हें तपासलें जातें. थोडा स्वच्छ पाझर एक वेळ चालतो. परंतु तो गढूळ झाला, तर पाण्याबरोबर बांधाची मातीही बाहेर पडत आहे असें समजावें. आढळलेल्या दोषांचे तीन वर्ग करितात. ज्या दोषानें धरण फुटूं शकेल तो पहिल्या वर्गांत. मोठा, परंतु त्वरित दुरुस्तीनें आटोक्यांत येणारा तो दुसऱ्यांत. वर्षभरांत सहज निस्तरतां येणारा किरकोळ दोष तिसऱ्यांत.

ह्या कामाची थोरवी महाराष्ट्रास सांगावयास नको. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, तेव्हां पुण्याच्या पेठांतून काय हाहाकार उडाला, तें कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलें आहे. ता. २ जुलै २०१९ च्या रात्रीं रत्नागिरी जिल्ह्यांतील तिवरे धरण फुटून वीसाहून अधिक माणसें गेलीं. त्या धरणास गळती लागल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं पूर्वींच केली होती.

अमेरिकेंत तर धरणाच्या दोन निराळ्या प्रतवाऱ्या लावतात. एक धरणाच्या प्रकृतीची, आणि दुसरी, तें फुटल्यास खालच्या वस्तीची किती हानि होईल, ह्याची. त्यामुळें एखादें भक्कम धरणही खालीं गांव असल्यामुळें 'मोठ्या धोक्याचें' ठरतें, आणि एखादें जीर्ण धरण खालीं ओसाड रान असल्यामुळें 'अल्प धोक्याचें' ठरतें. पण ह्या सर्व प्रतवाऱ्यांची नजर खालच्या गांवांत निजलेल्या माणसावर असते. सांडव्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याचा विचार त्यांत नाहीं. शिवाय आपल्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यांत १५ मीटरांहून उंच धरणें येतात, आणि १० ते १५ मीटर उंचीचीं कांहीं अटींवर येतात. गांवोगांवचे लहान बंधारे त्या व्याख्येबाहेरच राहतात.

खरी मेख पुढेंच आहे. तलाव भरल्यावर जास्तीचें पाणी भिंतीस धक्का न लावतां निघून जावें, ह्यासाठीं सांडवा असतो. तो वाहूं लागला, म्हणजे धरण आपलें काम चोख करीत आहे असें अभियंता समाधानानें म्हणतो. आणि नेमक्या त्याच वेळीं आपण मुलेंबाळें घेऊन त्यावर जातों! सांडव्याला कोठें कोठें पायऱ्या असतात, त्या पाण्याचा जोर मोडावा म्हणून केलेल्या असतात. तेथें बसणें म्हणजे तो जोर आपल्या अंगावर घेणें होय.

पाणी गुडघ्याएवढेंही नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु पाण्याचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा रेटा चौपट होतो. पुराच्या अभ्यासकांनीं एक सोपा हिशेब घालून दिला आहे. पाण्याची खोली मीटरांत घ्यावी आणि तिला सेकंदाला किती मीटर ह्या वेगानें गुणावें. गुणाकार मोठ्या माणसासाठीं ०.६ च्या आणि मुलासाठीं ०.४ च्या वर गेला, कीं उभें राहणें धोक्याचें. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाहून किंचित् अधिक वेगानें वाहणारें पाणी, वीतभर खोल असलें तरी मुलाची ही मर्यादा ओलांडतें. त्यांत दगडावर शेवाळ असल्यास तेवढेंही लागत नाहीं. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं, जेथें पाणी कोसळतें, तेथें तर तें उलटून पुन्हां भिंतीकडे फिरतें आणि आंत सांपडलेल्यास घोळवीत ठेवतें. त्या फेंसाळ पाण्यांत हवा मिसळलेली असल्यामुळें तें अंग नीट उचलूनही धरीत नाहीं. पट्टीच्या पोहणाऱ्याचेंही तेथें कांहीं चालत नाहीं.

वरचा पाऊस खालीं दिसत नाहीं, ही आणखी एक फसगत. एक चौरस किलोमीटर डोंगरउतारावर दोन इंच पाऊस पडला, तर तें पाणी सुमारें ५ कोटी लिटर भरतें. खालीं ऊन पडलें असतांही तें थोड्याच वेळांत ओढ्यांतून येऊन थडकूं शकतें. खोपोलीचा घाट चढून गेल्यावर लोणावळ्यास भुशीचें धरण लागतें. त्याच्या मागच्या अंगाच्या धबधब्यांत ता. ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच जण सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. त्यांत चार मुलें होतीं.

मग सहलीला जाऊंच नये काय? तसें नव्हे. कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यांत धबधबे व धरणें येथें जाण्यास बंदीचे हुकूम अनेकदां निघतात; निघण्यापूर्वीं त्याची चौकशी करावी, आणि हुकूम असल्यास तो मोडूं नये. बंदी नसली तरी वाहत्या सांडव्यावर, बंधाऱ्याच्या पायथ्याशीं आणि दोन ओढ्यांच्या मधल्या खडकावर पाऊल टाकूं नये. पाणी गढूळ झालें, किंवा त्यांतून पालापाचोळा येऊं लागला, कीं सामान न आवरतां मुलांना घेऊन वर चढावें. तेथील गांवकरी 'जाऊं नका' म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. आणि कोणी बुडत असेल, तर स्वतः उडी न घेतां दोर, काठी, ओढणी किंवा रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा. कारण वाचवावयास गेलेला दुसराही त्याच भोंवऱ्यांत सांपडतो.

पुढच्या वेळीं आजीनें विचारलें, तर तिला सरळ सांगावें, "आजी, धरण मजबूत आहे, पण आम्हीं त्याच्या पाण्यांत उतरणार नाहीं. समोरच्या टेकाडावर बसून तें पाहणार आहोंत." आजी मग दशम्यांबरोबर लोणच्याची फोडही बांधून देईल, आणि सायंकाळच्या गाडीची वाट निश्चिंतपणें पाहील.