बरा असलेला रुग्ण हवा आहे

पहाटे ५.४५
इन्क्युबेटर उघडण्याआधी ग्लोव्हजवर स्पिरिट. आत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि डिशमध्ये सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी. त्यांच्यापासून लाल पेशी तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, तोवर मीडिया वेळच्या वेळी बदलत राहायचा. पेशींना रविवार कळत नाही, वॉर्डालाही कळत नाही. एमडी झाल्यावर बॉण्डच्या नोकरीतच पीएचडीला नाव घातलं की दोघांचे रविवार एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

७.१५
रात्रीच्या भरत्या बघायच्या. गोंदियाकडचा एक मुलगा सिकलसेलच्या क्रायसिसमध्ये, म्हणजे तीव्र वेदनांच्या झटक्यात, आलाय. "मॅडम, पाठ लय दुखून राहिली." सलाईन लागलंय, वेदनाशामक वाढवायला हवं. ऑक्सिजन थोडा कमी भरतोय म्हणून छातीचा एक्स-रे आत्ताच. या आजारात फुप्फुसाचा त्रास वाढला तर दुपारपर्यंत थांबायची सोय नसते. इथे अर्धवट माहितीवर दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा. प्रयोगशाळेत असा घाईने निष्कर्ष काढला तर गाइड तासायला बसतात. रोज एकाच डोक्यात ही दोन वळणं ठेवायची. मला तरी हीच सगळ्यांत दमवणारी गोष्ट वाटते, जागरणं नव्हेत.

९.३०
ओपीडी. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे कळलं की बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, बस. बदल सगळ्यांचा एकच, तरी माझ्यासमोरच्या बाकावर दोन सख्खे भाऊ बसलेत: थोरला वर्षातून अनेकदा भरती होतो, धाकटा शेतात राबतो. गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहिलं तर आजार सौम्य राहतो, असं पुस्तक सांगतं. भारतातल्या रुग्णांत ते बऱ्यापैकी असतंही. तरीही विदर्भात तीव्र आजाराचे रुग्ण कमी नाहीत. का? माझा प्रबंध या 'का'मधून निघाला, आणि हा प्रश्न ओपीडीत बसल्याशिवाय सुचला नसता. एवढ्यासाठी तरी दोन्ही कामं एका माणसाने करावीत.

दुपारी १.१५
धाकट्याचं रक्त हवंय. संमती मी घेत नाही, समाजसेविका ताई घेतात. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला "नाही" म्हणायला कुणाची जीभ रेटते? पण आईने पान मिटवून मलाच विचारलं, "यानं माह्या पोराला फायदा होईल का?"
"याला नाही होणार, काकू. झालाच तर पुढच्यांना."
तिने थोडा वेळ घेतला, मोठ्या मुलाकडे पाहिलं आणि सही केली. जेवण राहिलं.

३.००
रक्त पातळ करून फायकॉलच्या द्रावावर ट्यूबच्या कडेने सावकाश सोडायचं. दोन्ही थर मिसळले की सगळं वाया. सेंट्रिफ्यूज अर्धा तास, ब्रेक बंद ठेवून. बाहेर काढल्यावर तळाशी लाल, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मध्ये ढगाळ, नखाएवढं जाड कडं. हव्या त्या पेशी तिथेच. सिकलसेलच्या रक्तात हे कडं बऱ्याचदा लालसर येतं, म्हणून पिपेट आणखी जपून धरावी लागते. टोक कड्याला टेकवलं आणि फोन वाजला: गोंदियाच्या मुलाची धाप वाढलीय. टेक्निशियन दादा न विचारता पुढे आले, "जा तुम्ही, मी काढतो." दादांचं नाव प्रबंधात आभारांच्या पानावर येईल. मला विचाराल तर ते त्याहून वरच्या पानावर यायला हवं.

४.००
एक्स-रेत नवी सावली. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रक्तपेढीला फोन. रक्त चढवलं की पुढचे तीनेक महिने हा मुलगा माझ्या अभ्यासात बसणार नाही, दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात. हा हिशेब मनात येतो, नाकारण्यात अर्थ नाही. रक्त अर्थात लगेच चढवलं.

७.००
संध्याकाळचा राऊंड, नोंदी, डबा. बरोबरीच्या काहींनी दवाखाने टाकले, काही डीएमला गेले. पीएचडीने पगारात काय फरक पडणार, असं ते विचारतात. फारसा नाही.

८.३०
अभ्यासासाठी रुग्णांची यादी घेऊन फोन. खरी अडचण ही आहे. वॉर्डात दुखणं वाढलेलाच माणूस येतो. मला हवा असतो आजार असून सध्या ठणठणीत असलेला, क्रायसिस नाही, हल्ली रक्त चढवलेलं नाही. असा माणूस मजुरी बुडवून इतक्या लांब का येईल? प्रवासखर्च देता येतो, पण दिवसभराच्या खाड्याची भरपाई त्यातून होत नाही.
गडचिरोलीकडच्या एकाने फोन उचलला. कापूस वेचणी चालू आहे म्हणाला.
"तब्येत कशी आहे?"
"एकदम मस्त, मॅडम. काहीच दुखून नाही राहिलं. मग दवाखान्यात कायले येऊ?"
"त्याच्यासाठीच तर या," म्हटलं. तो हसला. गुरुवारी वेचणी नसेल तर बघतो म्हणाला.