बादशहाचं नाव, वहीची पानं

दोस्तांनो, नेवाशाला गेलात की पैस खांबाचं दर्शन तुम्ही घेताच. त्याच खांबाला टेकून ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. पण प्रवरेकाठचं लाडमोडचं टेकाड पाहिलंय का कधी?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातल्या थरात काय मिळालं असेल? चक्क रोमन कुंभांचे तुकडे! दोन मुठींचे हे उंच कुंभ मद्य आणि तेल भरून जहाजानं भारतात येत. बंदरापासून इतक्या आत, आपल्या नेवाशापर्यंत रोमचा माल पोचत होता बरं का!

सातवाहनांच्याच काळात, इ. स. १६१ ते १८० पर्यंत, रोमच्या गादीवर मार्कस ऑरेलियस होता. त्याच्या राज्यात साथीचा रोग पसरला, सरहद्दीवर लढाया पेटल्या. छावणीत सवड मिळाली की हा बादशहा वही काढायचा आणि स्वतःलाच समजावायचा: रागावू नकोस, आपलं काम नीट कर. सुरुवातीलाच त्यानं लिहून ठेवलंय, आजोबांकडून काय शिकलो, आईकडून काय, गुरुजींकडून काय!

त्याचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा रोममध्ये आहे. पूर्वी असे कितीतरी पुतळे वितळवले गेले. हा मात्र वाचला. का? लोकांना वाटलं, हा पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन! म्हणजे पुतळा वाचला तो दुसऱ्याच्या नावावर. आज इटलीच्या ५० सेंटच्या नाण्यावर हाच पुतळा आहे.

वहीचं नशीब मात्र निराळं. तिच्या हातानं नकला होत राहिल्या आणि १५५९ मध्ये ती छापली गेली. आज ती जगातल्या कितीतरी भाषांत वाचतात. ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या सिनेमातला म्हातारा बादशहा तोच!

मार्कसनं फक्त स्वतःसाठी लिहिलं, तेही विद्वानांच्या ग्रीक भाषेत. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेचा अर्थ सगळ्यांना कळेल अशा मराठीत सांगितला. वाटा वेगळ्या, पण दोघांचं नाव राहिलं ते शब्दांमुळे. साम्राज्याचे उरले खापराचे तुकडे!

मग आज एवढं कराच. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: मी कोणाकडून काय शिकलो? आणि आईबाबांनाही त्यांचं पान लिहायला सांगा!