मिरजेचा तंबोरा आणि भीमाकाठचा भोपळा

इटलीतल्या नेपल्सच्या जुन्या मँडोलिनचं गोल पोट लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून घडवतात. मिरजेच्या तंबोऱ्याचं पोट मात्र शेतात पिकतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात, खास वाद्यांसाठी कडू भोपळा लावतात. वेल सुकेपर्यंत फळ जागीच ठेवायचं, मग महिनोन्महिने वाळवायचं. कारागीर ते पाण्यात भिजवून मऊ करतो, कापतो, आतला गर खरवडतो आणि हवा तो आकार देऊन पुन्हा वाळू देतो. गळा, दांडी आणि तोंडावरची तबली लाकडाची. त्यासाठी तून वापरतात, कारण ते हलकं असतं आणि चांगलं घुमतं.

ही कला इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजली. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांचं काम राजवट बदलल्यावर आटलं. फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले आणि तलवारीवर बसलेला हात तारांवर बसला. हे स्थित्यंतर मला फार मोठं वाटतं.

सगळ्यात नाजूक काम जवारीचं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते आणि स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमलतात. तारेखाली सुताचा धागा इकडेतिकडे सरकवून नेमकी जागा शोधायची, ती कानानंच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.